पडदा, पेटी आणि हातातला डाव



खतं, फवारणी, बाजारभाव हे तुम्हाला या अंकाच्या इतर पानांवर मिळतंच. हे सदर आपल्या गप्पांचं. आज करमणुकीवर बोलू म्हणतो. तुमच्यापैकी कुणी म्हणेल, "अहो भाऊ, सोयाबीनला भाव नाही, आणि तुम्हाला सिनेमाचं कसं सुचतंय?" पण विचार करून बघा. दिवसभर राबून घरी आलेलं माणूस रात्री दोन घटका काय बघतं, लेकरं हातात काय धरून बसतात, यावर घरातलं बरंच काही ठरतं. झोप ठरते, अभ्यास ठरतो, सासू-सुनेचं बोलणंसुद्धा ठरतं. आणि अलीकडं तर या करमणुकीतूनच घरातली रोकड बाहेर जायला वाट झाली आहे. तेव्हा विषय दिसायला हलका असला तरी तसा तो नाही.

मी सिनेमाचा जाणकार नव्हे. वाटूरचा माणूस. जालना-मंठा रस्त्यावर आमचा फाटा, तिथून परतूरचा रस्ता फुटतो. फाट्यावर चहा घेताना जे कानावर पडतं आणि घरी जे डोळ्यांना दिसतं, त्यावरून झालेली ही मतं. पटली तर घ्या, नाही पटली तर सोडून द्या.

तंबूतून खिशात

जुन्या मंडळींना तंबूतला सिनेमा आठवत असेल. जत्रेत ट्रक यायचा, मशीन यायचं, रिळांच्या पेट्या उतरायच्या. खाली मातीत बसायचं. मध्येच रीळ तुटायचं आणि सगळा तंबू शिट्ट्यांनी दणाणायचा. दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' १९७१ साली आला. दादांच्या सिनेमांनी शहरातली थिएटरं तर भरलीच, पण तंबूंनाही वर्षानुवर्षं पोसलं. पुढं रिळं गेली, सिनेमा डिजिटल झाला आणि तंबू एकेक करून उठत गेले. महाराष्ट्रातल्या या शेवटच्या तंबूवाल्यांवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा माहितीपट २०१६ साली निघाला आणि फ्रान्समधल्या कान महोत्सवात त्याची दखल घेतली गेली. आपल्या जत्रेतल्या माणसांचं दुःख परदेशातल्या लोकांना दिसलं. आपण मात्र तंबू कधी उठला हे लक्षातही ठेवलं नाही.

आता सिनेमा बघायचा म्हटलं तर आम्हाला जालना गाठावं लागतं. घरची पाच माणसं धरा. तिकिटं, पेट्रोल, मध्यंतरात लेकरांना काहीतरी, आणि वर बुडालेला कामाचा दिवस. एवढ्यात बियाण्याची पिशवी येते, हा हिशोब कुणीही करतो आणि म्हणतो, "राहू दे, मोबाइलवर येईल तेव्हा बघू."

मोबाइलवर येतो, हे खरं. पण तंबूत सगळं गाव एका जागी हसायचं आणि एका जागी डोळे पुसायचं. मोबाइलवर प्रत्येक जण आपल्या कोपऱ्यात बसून बघतो. एकाच घरात चार माणसं चार ठिकाणी चार गोष्टी बघतात आणि सकाळी बोलायला कुणाकडंच काही नसतं. म्हणूनच मला 'बाईपण भारी देवा'चं कौतुक वाटलं. ३० जून २०२३ ला आलेला केदार शिंद्यांचा हा सिनेमा. सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेत उतरतात, एवढीच गोष्ट. पण ती बघायला बायका गटागटानं, नऊवारी नेसून, गॉगल लावून थिएटरात गेल्या. सिनेमा काही फार मोठा आहे असं माझं म्हणणं नाही. शेवट सगळ्यांना गोड वाटावा म्हणून गाठी जरा भराभर सोडवल्या आहेत. पण घरच्या कर्त्या बाईनं "आज मी सिनेमाला चालले, भाकरी तुमच्या तुम्ही बघा" असं म्हणायला त्यानं निमित्त दिलं, हे काही थोडं नाही.

लग्नाच्या दोन गोष्टी

गेल्या दोन-तीन वर्षांतले दोन मराठी सिनेमे मात्र प्रत्येक शेतकरी घरानं बघावेत असं मला वाटतं. एक 'पाणी', दुसरा 'स्थळ'.

'पाणी' आपल्या मराठवाड्याचा. आदिनाथ कोठारे यांनी तो केला आणि त्यात कामही केलं. गोष्ट खरी आहे. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात नागदरवाडी म्हणून गाव आहे. तिथल्या हनुमंत केंद्रे यांची ही हकिगत. गावात पाणी नाही, म्हणून गावात मुलगी द्यायला कुणी तयार नाही. ठरत आलेलं लग्न अडतं, आणि हा गडी ठरवतो की आधी गावात पाणी आणीन. मग माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवायचं, लोकांना गोळा करायचं, राजकारण्यांचे टोमणे ऐकायचे, हे सगळं त्यात आहे. पर्यावरणविषयक सिनेमाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला २०१९ सालच्या पुरस्कारांत मिळाला, पण थिएटरात यायला १८ ऑक्टोबर २०२४ उजाडला. पाच वर्षं! हंड्यासाठी रांगेत उभं राहिलेल्या आपल्या बायांना या उशिराचं काही नवल वाटायचं नाही.

मला त्यातली एक गोष्ट फार खरी वाटली. पाण्याचं काम म्हणजे जेसीबी आणि बंधारा, एवढंच आपण धरतो. या सिनेमात कळतं की खरं काम माणसांना एका बैठकीला बसवण्याचं आहे. ज्या गावानं कधी श्रमदान केलं असेल त्याला हे सांगायला नको. खड्डा खणणं सोपं. शेजाऱ्याच्या बांधावरून चर न्यायला त्याची 'हो' मिळवणं अवघड.

दुसरा 'स्थळ'. जयंत दिगंबर सोमलकर यांचा. विदर्भातल्या डोंगरगावात, तिथल्याच माणसांना घेऊन केलेला. नट म्हणावेत असे चेहरे त्यात नाहीत, त्यामुळे बघताना आपल्याच भावकीतलं घर वाटतं. टोरांटोच्या महोत्सवात २०२३ साली त्याला पुरस्कार मिळाला आणि ७ मार्च २०२५ ला तो आपल्याकडं लागला. गोष्ट सांगण्यासारखी फार नाही. कापूस पिकवणाऱ्या बापाची सविता नावाची मुलगी. ती शिकते आहे, तिला पुढं परीक्षा द्यायच्या आहेत. आणि घरात स्थळं येतात. पुरुष ओळीनं बसतात, पोरीला पुढ्यात बसवतात, नाव विचारतात, उंची विचारतात, शिक्षण विचारतात. पोहे खातात, चहा पितात आणि निघून जातात. मग नकार येतो. मग पुन्हा दुसरं स्थळ. तेच प्रश्न, तीच उत्तरं. बघणाऱ्याला कंटाळा येतो. तो यावा म्हणूनच तसं केलंय. आपल्याला दीड तासात कंटाळा आला, त्या पोरीनं वर्षानुवर्षं काय केलं असेल?

त्यात कापसाचा भाव आणि पोरीचं लग्न एकाच दाव्याला बांधलेले दाखवलेत. भाव वाढेल म्हणून बाप कापूस घरात ठेवतो आणि भाव पडतो. हे आपल्यातल्या किती घरांत झालंय ते मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरायची नाहीत.

आता हे दोन्ही सिनेमे शेजारी ठेवून बघा. एकात शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळत नाही. दुसऱ्यात शेतकऱ्याच्या पोरीला पाटावर बसवून नाकारतात. आपल्या फाट्यावर पहिलं दुखणं रोज बोललं जातं. "पोरगा चाळिशीला आला, एकरभर मोसंबी आहे, तरी कुणी मुलगी देईना." खरं आहे, दुखणं मोठं आहे. पण दुसऱ्या दुखण्याबद्दल कुणी चहावर बोलत नाही. जिला आपण ओळीनं बसून बघितलं, उंची विचारली, रंगावरून नाकारलं, तिनं उद्या "मला शेतकरी नवरा नको" म्हटलं तर त्यात तिचं काय चुकलं? तिला शेती नको असते असं मला नाही वाटत. शेतकऱ्याच्या घरात आपल्याला विचारलं जाणार नाही, ही तिची भीती असते. पोरासाठी स्थळ बघायला जाणाऱ्या मंडळींनी जायच्या आदल्या रात्री हा सिनेमा बघावा, असं माझं सांगणं आहे. आणि तिथं गेल्यावर पोरीलाही विचारावं, "बाई, तुला काही विचारायचंय का?"

हिंदीतला 'लापता लेडीज' बऱ्याच जणांनी पाहिला असेल. १ मार्च २०२४ ला आला, किरण राव यांचा. डोक्यावरच्या लांब घुंगटामुळं रेल्वेत दोन नवऱ्या बदलून जातात. हसू येतं, आणि हसता हसता घशाशी काहीतरी अडकतं. त्यातल्या जयाला काय व्हायचंय, आठवतंय? तिला डेहराडूनला जाऊन सेंद्रिय शेती शिकायची आहे. इतक्या सिनेमांत पोरी डॉक्टर झाल्या, पोलीस झाल्या, गायिका झाल्या. शेती शिकण्यासाठी घर सोडणारी नायिका मी पहिल्यांदाच बघितली.

'दशावतार' १२ सप्टेंबर २०२५ ला आला, कोकणातला. दिलीप प्रभावळकर त्यात आहेत, तेव्हा वय वर्षं ८१. आपल्याकडं या वयाच्या माणसाला ओट्यावर बसवून ठेवतात. सिनेमा मध्ये जरा लांबतो, पण जमीन खाणीत गेली तर देवाला आणि माणसाला जागा कुठं उरणार, हा प्रश्न फक्त कोकणाचा नाही. रस्त्यासाठी, प्रकल्पासाठी मोजणीचे दगड ज्यांच्या वावरात पडलेत त्यांना तो आपलाच वाटेल.

आणि घरात लहान लेकरं असतील तर जुना 'टिंग्या' शोधून दाखवा. २००८ चा, मंगेश हाडवळे यांचा. जायबंदी झालेला बैल, कर्जातला बाप आणि बैल विकू नका म्हणणारं पोरगं. ज्या घरात कधी दावणीचा बैल बाजारात गेला आहे, त्या घराला तो समजावून सांगावा लागत नाही.

पेटीतलं गाव

आता टीव्हीकडं वळू. दिल्ली दूरदर्शननं २६ जानेवारी १९६७ ला 'कृषिदर्शन' सुरू केलं, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला चालू झालं. पुढं 'आमची माती आमची माणसं'नं आपल्या घरात जागा केली. त्यात शेतकरी बोलायचा तो शेतकऱ्यासारखा. अंगावरचा सदरा मळका असला तरी तसाच. १९८७ साली 'रामायण' लागलं तेव्हा ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी रविवारी सकाळी चपलांचा ढीग. घरमालकीण वैतागायची, पण सतरंजीही तीच अंथरायची.

आजच्या मालिकांतलं गाव बघितलं की मला प्रश्न पडतो, यांच्या गावात शेण कोण काढतं? घरात सगळे ठेवणीतले कपडे घालून बसतात. शेतकरी म्हणून दाखवलेल्या माणसाच्या पायाला चिखल नाही. पाऊस लांबला, मोटार जळली, रात्रपाळीची लाइट आली, यातलं काही घडत नाही. कटकारस्थान मात्र एका दिवसात तीन. तुम्ही म्हणाल, "बाई दिवसभर कापूस वेचून आल्यावर तिला टीव्हीतही चिखलच बघायचा का?" बरोबर आहे. भरजरी साडी बघायचीच असते, त्यात काही वाईट नाही. माझं म्हणणं एवढंच की कधीतरी त्या साडीवाल्या बाईच्या तोंडी आपल्या घरातला एखादा खरा प्रश्न यावा.

तसा एक आला होता. 'आई कुठे काय करते' ही मालिका डिसेंबर २०१९ पासून नोव्हेंबर २०२४ पर्यंत चालली. शेवटी शेवटी ती फार ताणली, हे तिच्या चाहत्या बायाही कबूल करतील. पण नावातला प्रश्न मोलाचा होता. शेतकऱ्याच्या घरात तर तो जास्तच लागू. आई खुरपते, वेचते, धार काढते, मजुरांच्या भाकरी थापते, आणि सातबाऱ्यावर बघाल तर तिचं नाव नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला होता. घरच्या लक्ष्मीच्या नावे जमिनीचा तुकडा करा, असं सांगणारा. किती नवऱ्यांनी तो मनावर घेतला होता! मालिका बघून डोळे पुसणाऱ्या मंडळींनी एकदा घरचा सातबाराही काढून बघावा.

दुसरी माझी तक्रार बोलीची. मालिकेतलं गाव म्हटलं की भाषा कोल्हापूरकडची नाहीतर साताऱ्याकडची. त्या बोली गोडच आहेत, माझं त्यांच्याशी वैर नाही. पण "काय करायलास" म्हणणारा आपला मराठवाडा पडद्यावर बहुतेक वेळा हसवण्यापुरताच येतो. लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ पासून एकट्यानं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' करून आपली बोली जगभर नेली. त्यांच्यामागं संदीप पाठक तो प्रयोग करतात. या बोलीत माणूस हसतो, तसाच रडतो आणि विचारही करतो, हे लिहिणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

मोबाइलवरच्या 'पंचायत'चं एवढ्यासाठीच बरं वाटतं. २०२० साली सुरू झाली आणि २४ जून २०२५ ला तिचा चौथा भाग आला. गाव उत्तर प्रदेशातलं फुलेरा, पण बघताना आपलंच ग्रामपंचायत कार्यालय वाटतं. तीच खुर्ची, तोच कुलूपबंद संगणक. प्रधान मंजूदेवी कागदावर आणि कारभार नवऱ्याच्या हातात. पहिल्या भागाच्या शेवटी ती राष्ट्रगीत पाठ करून स्वतः झेंडा फडकवते. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत. कितीएक गावांत सरपंचबाई घरी आणि सरपंचपती मीटिंगला, हे सांगायला मालिका कशाला हवी? तरी बघा. घरात चार शब्द निघतील.

बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा सूरज चव्हाण ६ ऑक्टोबर २०२४ ला 'बिग बॉस मराठी' जिंकला, तेव्हा आमच्याही फाट्यावर पोरं नाचली. गरिबाघरचं पोर पुढं गेलं, आनंद झाला. पण त्यानंतर जो तो रील करायला लागला. पोरांनो, त्याच्यासारखे हजारो जण मोबाइलपुढं नाचले, त्यातला एक तुम्हाला दिसला. रील जरूर करा, हौस म्हणून करा. त्यासाठी बारावी मात्र सोडू नका.

हातातला डाव

आता मुद्द्याचं. मोबाइलवरच्या खेळांत दोन जाती आहेत, आणि त्या वेगळ्या ओळखायला पाहिजेत.

पहिली जात वेळ खाणारी. पब्जीसारखी. शंभर जणांनी आभाळातून उडी मारायची, एकमेकांना टिपायचं, शेवटी उरेल तो जिंकला. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं पब्जी बंद केला. पुढं तो नाव बदलून आला, पुन्हा काढला गेला, २०२३ साली पुन्हा आला. फाट्यावर एक गोष्ट सांगतात. चार पोरं जागलीला गेली आणि रात्रभर माळ्यावर बसून मोबाइलमधले शत्रू मारत राहिली. खाली रानडुकरांनी भुईमूग साफ केला. खरी-खोटी देव जाणे, पण शक्य आहे. या खेळाला मी विष म्हणणार नाही. आम्हीही विटी-दांडूपायी शाळा बुडवली आहे. पण विटी-दांडूला अंधार पडला की थांबावं लागायचं. या खेळाला अंधारच पडत नाही. ती वेळ आईबापानं ठरवावी लागते.

दुसरी जात पैसा खाणारी. रमी, पत्ते, क्रिकेटची टीम लावायची. इथं पैसे लावून पैसे जिंकायचे. जाहिरातीत ओळखीचे नट आणि खेळाडू. आपला आडतीचा व्यवहार आठवा. माल कुणाचाही असो, भाव चढो की पडो, आडत ठरलेली. या खेळांतही तसंच. समजा, तुम्ही आणि मी हजार-हजार रुपये घेऊन बसलो. प्रत्येक डावाला शंभर-शंभर लावले आणि कंपनीनं त्या दोनशेतले वीस काढून घेतले. कधी तुम्ही जिंकता, कधी मी. पन्नास डाव झाले की कंपनीकडं हजार रुपये गेलेले असतात. दोघांत मिळून दोन हजार होते, त्यातले निम्मे गेले. तुम्हाला वाटतं मी जिंकलो, मला वाटतं तुम्ही जिंकलात. खरा जिंकणारा पाटावर बसलेलाच नव्हता.

दरवर्षी ४५ कोटी लोक या खेळांत मिळून सुमारे २०,००० कोटी रुपये घालवतात, असा सरकारचाच अंदाज होता. सरासरी काढाल तर माणशी साडेचारशेच्या आसपास. "एवढंच ना?" असं वाटेल. पण सरासरी म्हणजे काय ते आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. सरासरी पाऊस शंभर टक्के, आणि एका मंडळात वावर खरडून गेलं तर दुसऱ्यात पेरणी वाळली, असं आपण बघतो. इथंही तसंच. बरेच जण पाच-पन्नास घालवून सुटतात, आणि एखाद्या घराचा अख्खा हंगाम त्यात जातो. पीककर्ज, लग्नाचा पैसा, बायकोचे डोरले. हे नुकसान दिसत नाही, त्याचा पंचनामा होत नाही, आणि लाजेपायी कुणी सांगतही नाही.

जुलै २०२५ मध्ये त्या वेळचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा सभागृहातला व्हिडिओ गाजला. त्यांच्या मोबाइलवर पत्त्यांचा डाव दिसतो, असा आरोप झाला. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बाजूला सारत होतो, असं त्यांनी सांगितलं. महिनाअखेर त्यांचं खातं बदललं. त्या वादात मला शिरायचं नाही. जाहिरात न बोलावता येते, हे मात्र खरंच. मंत्री असो की सालगडी, तिला सगळे सारखे.

त्यानंतर महिन्याभरात संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड, असं त्यात आहे. डोक्याचा खेळ की नशिबाचा, ही पळवाट ठेवलेली नाही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे विशेष लक्षात ठेवा. मोठ्या कंपन्यांनी त्याच आठवड्यात पैशांचे डाव बंद केले. पण बांध घातला म्हणून पाणी झिरपायचं थांबत नाही. कुणी मेसेजवर लिंक पाठवतं, कुणी परदेशातल्या खेळाचं नाव सांगतं. तिथं पैसे अडकले तर दाद कुणाकडं मागणार?

मोबाइलमधली शेती

जरा हलकं बोलू. मोबाइलवर शेतीचेही खेळ आहेत, ठाऊक आहे? 'हे डे' नावाचा एक २०१२ पासून आहे. त्यात गहू पेरला की दोन मिनिटांत कापणीला येतो, मका पाच मिनिटांत. ना फवारणी, ना तण, ना मजुरांची वाट बघणं. संगणकावरच्या 'फार्मिंग सिम्युलेटर'मध्ये जरा बरं आहे. २०२४ च्या नव्या खेळात भाताची लावणी आली, म्हशी आल्या, गारपीटही आली. शहरातली माणसं पैसे देऊन हा खेळ घेतात आणि रात्री जागून ट्रॅक्टर चालवतात. आमच्याकडं या, म्हणावं, फुकट चालवायला देऊ.

पण त्यातून लेकरांना एक गोष्ट शिकवता येईल. त्या खेळात पेरलं की उगवतंच. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय झालं ते तुमच्या लेकरांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. उभं सोयाबीन पाण्यात गेलं, काही ठिकाणी मातीही वाहून गेली. त्यांना सांगा, मोबाइलमधला शेतकरी नवा डाव मांडतो, तुझ्या बापाला त्याच वावरात पुन्हा उभं राहावं लागतं. लेकरू ऐकेल. त्याला कळतं.

मग करायचं काय?

उपदेश फार झाला की वाचक पान उलटतो, म्हणून थोडक्यात चार गोष्टी सांगतो.

एक. यूपीआयचा पिन लेकरांना सांगू नका, आणि ज्या मोबाइलला बँक जोडलेली आहे तो खेळायला देऊ नका. जुना मोबाइल असेल तर खेळाला तो ठेवा. महिन्यातून एकदा पासबुक भरून आणा आणि पन्नास-शंभराच्या बारीक ओळीसुद्धा वाचा. गळती तिथंच सापडते.

दोन. फसवणुकीनं पैसे गेले तर लाजू नका, त्याच घटकेला १९३० या नंबरवर फोन करा. जितका उशीर तितकी आशा कमी.

तीन. घरातला कुणी अशा डावात अडकला असेल तर त्याला चारचौघांत फाडून खाऊ नका. रात्री जेवल्यावर जवळ बसवा, आकडा किती तो विचारा आणि तो सगळ्यांनी मिळून फेडायचं ठरवा. आकडा लपवणारं माणूस आतून कुढत जातं. तो फार खचलेला दिसला तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, तिथं फुकट बोलता येतं. पैसा पुढच्या हंगामात येईल, माणूस यायचा नाही.

चार. आठवड्यातून एक रात्र तरी घरातल्या सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट बघा. 'पाणी' बघा, 'स्थळ' बघा, नाहीतर तुम्हाला आवडेल ते बघा. एकाचा मोबाइल मोठ्या टीव्हीला जोडता येतो, शेजारचं कॉलेजातलं पोरगं दोन मिनिटांत जोडून देईल. त्यालाही बसवून घ्या. बघून झाल्यावर लगेच दिवा मालवू नका, म्हातारीला विचारा कसा वाटला. आमच्याकडच्या म्हाताऱ्या सिनेमाची परीक्षा वर्तमानपत्रवाल्यांपेक्षा चोख करतात, हे मी अनुभवानं सांगतो.

तुमच्या घरी काय बघतात, काय आवडलं, कशाचा कंटाळा आला, ते पोस्टकार्डावर चार ओळी लिहून कळवा. शिव्या द्यायच्या असतील तरी चालतील, फक्त अक्षर वाचता यावं. घरच्या लक्ष्मीनं लिहिलेलं पत्र आधी वाचीन.

बराय, रात्रीची लाइट आली वाटतं. मोटार चालू करायला हवी. राम राम.